म्हाताऱ्या झाडाची छाटणी

बोन्साय म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे श्रीमंताच्या दिवाणखान्यातील शोभेची कुंडी येते. आणि त्या झाडाला उपाशी ठेवून खुजे केले आहे, त्याच्यावर अन्याय झाला आहे, असेही आपण लगेच म्हणून टाकतो. इकडे आपल्याच जालना जिल्ह्यात मोसंबीच्या झाडाचे पाणी तोडायचे, आळे खोदून मुळे उघडी पाडायची, फांद्या कापायच्या, हे काम वर्षानुवर्षे चालत आले आहे. त्याला मात्र कोणी अन्याय म्हणत नाही. त्याला 'बहार धरणे' म्हणतात. वास्तविक ही दोन्ही कामे एकाच जातीची आहेत. दोन्हीकडे प्रश्न एकच असतो: जुन्या झाडाचे वरून आणि खालून किती कापले तर ते जगते, आणि किती कापले तर मरते? कुंडीवाल्याचा अंदाज चुकला तर एक झाड जाते. बागवाल्याचा चुकला तर घरातल्या मुलांच्या शिक्षणाचा पैसा जातो. कला शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयावर का लिहावे, असे कोणी विचारील, म्हणून हे आधीच सांगून ठेवले.

प्रथम झाडाचा हिशेब समजून घेतला पाहिजे. पाने अन्न तयार करतात आणि ते खाली मुळांकडे जाते. मुळे पाणी आणि क्षार वर पाठवतात, हे आपण शाळेत शिकलो. परंतु शाळेत एक गोष्ट कोणी सांगत नाही. मनगटाएवढी जाड मुळे पाणी फारसे शोषत नाहीत. ती झाडाला धरून ठेवतात आणि अन्नाचा साठा करतात. पाणी पिण्याचे काम करतात ती केसासारखी बारीक, पांढऱ्या टोकांची तंतुमुळे. म्हणून मुळांची छाटणी करताना किती मूळ कापले यापेक्षा कोणते कापले याला महत्त्व आहे. जाड सोटमूळ कापूनही झाड जगते. तंतुमुळे सगळी गेली तर भर पावसातही ते तहानेने मरते.

शिवाय वर आणि खाली यांचा एकमेकांना सतत निरोप चालू असतो. शेंड्याच्या कोवळ्या कोंबांत ऑक्झिन नावाचे द्रव्य तयार होते, ते खाली जाऊन नवीन मुळे फोडायला लावते. मुळांच्या टोकांशी सायटोकायनिन तयार होते, ते वर जाऊन डोळे फोडते. वरचा भार एकदम कापला की खालची काही मुळे आपोआप मरतात. खालची मुळे कापली की शेंडे सुकतात. तेव्हा एकीकडे घाव घातला की दुसरीकडची बाजू शाबूत असावी लागते, म्हणजे ती तोटा भरून काढते. दोन्ही बाजूंना एकाच वेळी मोठे घाव घातले तर भरपाई करणार कोण? तरुण झाड तेही एखादे वेळी सोसते. म्हाताऱ्या झाडाजवळ शिल्लक कमी असते.

बोन्साय करणारे लोक या बाबतीत फार चोख असतात. बोन्साय या जपानी शब्दाचा अर्थ थाळीत लावलेले झाड. झाडाची जात वेगळी नसते आणि त्याला उपाशीही ठेवलेले नसते; उलट नियमाने खत घालतात. तेच झाड जमिनीत लावले तर ते पुन्हा वाढू लागते. त्याला लहान ठेवले जाते ते केवळ छाटणीने. दर दोन-तीन वर्षांनी, आणि फार जुने असेल तर त्याहूनही अधिक अंतराने, झाड कुंडीतून काढून मुळांचा सुमारे तिसरा हिस्सा कापतात आणि नव्या मातीत बसवतात. कुंडीतील मुळे गोल फिरून एकमेकांना आवळतात, माती दगडासारखी होते, पाणी मुरत नाही. तेव्हा ही छाटणी झाडाला छळण्यासाठी नसते. ती न केली तरच झाड गुदमरते.

याचा मोठा दाखला म्हणजे जपानमधील यामाकी घराण्याचे एक पाइनचे झाड. ते १६२५ सालापासून कुंडीत वाढत आहे असे मानतात. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीपासून. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा ते झाड स्फोटाच्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटरवर, घराच्या आवारात भिंतीच्या आडोशाला होते आणि वाचले. १९७६ साली जपानने अमेरिकेला भेट दिलेल्या बोन्सायांमध्ये तेही गेले आणि वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात ठेवले गेले. ते हिरोशिमाचे आहे हे तेथील लोकांना कळले २००१ साली, यामाकी घराण्यातील नातवंडे ते पाहायला गेली तेव्हा. इतकी शतके कुंडीत काढलेल्या झाडाची मुळे कितीदा छाटली गेली असतील याचा विचार करावा. घाव बेताचा आणि वेळेवर असेल तर म्हातारपणही सोसते, एवढे त्यावरून दिसते.

आपल्याकडे बोन्सायसाठी वड, पिंपळ, उंबर ही झाडे उत्तम, आणि ती फुकट मिळतात. पडक्या वाड्याच्या भिंतीत, बारवेच्या चिऱ्यांत पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले बी रुजते. मूठभर मातीत वीस-वीस वर्षे काढलेले असे पिंपळ आपण येता-जाता पाहतो. त्यांचा बुंधा जाड आणि उंची कमी असते. असे झाड काढून कुंडीत आणायचे तर घाई उपयोगी नाही. पहिल्या पावसाळ्यात ते जमेल तेवढ्या मुळांसह काढून मोठ्या भांड्यात लावावे आणि नुसते जगू द्यावे. या वेळी वरचा भार कमी करावा, पण मुळांना मुद्दाम हात लावू नये. त्याने जोम धरला, फांद्या भराभर फुटू लागल्या, की खोड हव्या त्या उंचीवर कापावे. वडा-पिंपळाच्या जुन्या सालीखाली सुप्त डोळे असतात. खोड कापल्यावर तेथून कोंब फुटतात. पाइनसारख्या झाडाचे असे नाही. त्याची पाने नसलेली जुनी फांदी कापली की बहुधा ती तशीच वाळते. त्यानंतर आणखी एक-दोन वर्षांनी, नवा घेर आल्यावर, मुळांचे खरे काम हाती घ्यायचे: सरळ खाली जाणारे जाड मूळ कापायचे, खोडाभोवती चारी बाजूंना पसरलेली मुळे राखायची, आणि उथळ कुंडीत विटांचे चाळलेले तुकडे, मुरूम व कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणात झाड बसवायचे. झाड कुंडीला तारेने बांधून टाकतात. कारण वाऱ्याने ते हलले तर नुकती फुटलेली मुळांची टोके तुटतात. हे काम आपल्याकडे जून-जुलैत करावे. मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये मुळे कापणे म्हणजे झाडाला हाताने मारणे होय.

आता आपल्या मोसंबीकडे येऊ. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि बदनापूरला मोसंबीसाठी संशोधन केंद्रही आहे, हे सर्वांना माहीत असेल. मोसंबीचे झाड आपल्या हवेत वर्षातून दोन-तीनदा थोडे थोडे फुलते. असा विखुरलेला बहार शेतकऱ्याच्या कामाचा नाही, म्हणून झाडाला ताण देतात. आंबिया बहार धरायचा तर पावसाळा संपल्यानंतर पाणी तोडायचे; हलक्या जमिनीत महिना-दीड महिना, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने. झाडाची वाढ थांबते, अन्न खर्च न होता साठत जाते, पाने पिवळी पडतात. सुमारे चौथा हिस्सा पाने गळली की ताण बसला असे समजतात. मग खत घालून पहिले हलके पाणी, म्हणजे आंबवणी. आठवड्याभराने दुसरे, म्हणजे चिंबवणी. आणि जानेवारी-फेब्रुवारीत बाग एकदम फुलते. मराठीने या दोन पाण्यांनाही वेगळी नावे द्यावीत, यावरून हे काम किती जपून करायचे असते ते कळते.

भारी जमिनीत ओल लवकर हटत नाही आणि ताण बसत नाही. म्हणून जुने लोक आळ्यातली माती चार बोटे खोदून मुळ्या उघड्या पाडत, बारीक मुळ्या विळ्याने छाटत, काही दिवस ऊन खाऊ देत आणि मग शेणखतासह माती लोटत. हा बोन्सायच्या मुळे-छाटणीचाच आपला भाऊ. परंतु दोहोंत एक मोठा फरक आहे, तो फारसा कोणी ध्यानात घेत नाही. बोन्सायवाला मुळे कापतो आणि लगेच पाणी देऊन सावलीत ठेवतो. आपण मुळे कापतो ती पाणी तोडलेल्या, पाने गाळत असलेल्या झाडाची. शिवाय कापतो ती पाणी पिणारी तंतुमुळे. जोमदार, दहा-बारा वर्षांच्या झाडाने हे सोसले तर तो त्याचा जोम. पंचवीस वर्षांच्या झाडावर हा प्रयोग करणे मला तरी पटत नाही. आता ठिबक आल्यापासून तर बारीक मुळ्या नळीखाली, अगदी वरच्या थरात दाटलेल्या असतात. तेथे कुदळ घातली की झाडाचे तोंडच तोडल्यासारखे होते. त्यातून जखमी मुळांतून फायटोप्थोरा ही बुरशी शिरते, मुळे कुजतात आणि बुंध्यावर डिंक्या येतो. म्हणूनच आज कृषी विद्यापीठाचे लोक मुळ्या तोडू नका असे सांगतात. भारी जमिनीत ताण बसवायला सायकोसीलसारख्या वाढ रोखणाऱ्या द्रव्याची फवारणी सुचवतात. गावाकडची वडीलधारी मंडळी यावर हसतात, हेही खरे. त्यांच्या काळी तरुण बागा होत्या आणि विहिरींना पाणी होते, एवढेच त्यांना अदबीने सांगता येईल.

२०१२-१३ च्या दुष्काळात या साऱ्याची परीक्षा झाली. जालना जिल्ह्याला त्या वर्षी सर्वांत जास्त झळ बसली. विहिरी आटल्या, टँकरने विकत पाणी आणून बागा जगवण्याची पाळी आली आणि हजारो हेक्टर मोसंबी वाळून गेली. त्या वेळी जे उपाय सांगितले गेले त्यांत छाटणी होती, पण ती वरची. झाडावरची फळे उतरवून टाका, फांद्या कमी करा, म्हणजे पानांवाटे उडणारे पाणी वाचेल. आळ्यात उसाचे पाचट किंवा गवत पसरा. पानांवर केओलिन या पांढऱ्या मातीचे पाणी फवारा. मडक्याला भोक पाडून, वात घालून थेंब थेंब पाणी द्या. मुळांना कोणीही हात लावायला सांगितले नाही. हाताशी आलेली हिरवी फळे स्वतःच तोडून टाकणे ऐकायला सोपे वाटते. पण ज्या घराने त्या फळांवर उचल घेतलेली असते त्याला ते किती अवघड जाते, हे ज्याने पाहिले असेल त्यालाच कळेल.

राहता राहिली जुनी, दमलेली बाग. फळ बारीक येते, शेंडे वाळत येतात. घरात दोन मते पडतात: एक म्हणते बाग उपटून टाका, दुसरे म्हणते छाटून पाहा. नवी लागवड फळावर यायला पाच-सहा वर्षे लागतात. छाटलेली बाग साधारण दोन वर्षे फळ देत नाही. हिशेब छाटणीच्या बाजूचा दिसतो, मात्र एका अटीवर. आधी बुंध्याजवळची थोडी माती काढून पाहावे. मुळाची साल बोटाने निघून येत असेल, आत काळे पडून कुबट वास येत असेल, तर वर कितीही छाटले तरी उपयोग नाही. शेंडा वाळतो ते दुखणे अनेकदा मुळाचे असते. आपण मात्र दिसते तेथे कुऱ्हाड चालवतो.

मुळे निरोगी निघाली तर फळे उतरल्यावर, थंडी सरता सरता छाटणी करावी. प्रथम सल, म्हणजे वाळलेल्या आणि रोगट फांद्या, हिरव्या लाकडात थोडे आत घेऊन काढाव्यात. मग मोठ्या फांद्या मागे आणाव्यात. परंतु मोसंबी सदाहरित आहे, तिच्या अन्नाचा बराच साठा पानांतच असतो. तेव्हा वडासारखे तिला बोडके करू नये, काही पानांच्या फांद्या राखाव्यात. कुऱ्हाडीऐवजी करवत वापरावी. फांदी जेथे खोडाला मिळते तेथे सालीचा फुगीर कंगोरा असतो, तो न दुखवता त्याच्या बाहेरून कापावे. अलेक्स शिगो या अमेरिकन शास्त्रज्ञाने हजारो झाडे चिरून १९७० च्या दशकात दाखवून दिले की झाडाची जखम माणसासारखी भरून येत नाही. झाड आतून भिंती घालून सडलेला भाग कोंडते आणि वरून नवे लाकूड चढवते. तो कंगोराच कापला तर ही भिंत नीट बसत नाही. काप घेतल्यावर बोर्डो पेस्ट लावावी. दहा लिटर पाण्याला एक किलो मोरचूद व एक किलो चुना. उघड्या पडलेल्या खोडालाही ती फासावी, नाहीतर सावलीची सवय असलेली साल मार्चच्या उन्हात तडकते.

त्या वर्षी ताण द्यायचा नाही, आळे खोल खणायचे नाही, पाणी बेताने पण नेमाने द्यायचे. दोन-तीन महिन्यांत जाड फांद्यांवर कोंबांची नुसती गर्दी होते. त्यांतले सरळ उभे, जाड, लांब पेरांचे ते पाणसोट. ते लहान असतानाच हाताने मोडावेत. खुंटावरून, म्हणजे डोळा बांधला त्या जागेच्या खालून, फुटलेले कोंब तर ठेवूच नयेत. ते मोसंबीचे नसतात, रंगपूर लिंबाचे किंवा जंबेरीचे असतात. प्रत्येक फांदीवर बाहेरच्या बाजूला झुकलेले तीन-चार कोंब राखले की झाडाचा नवा घेर त्यांच्यावरच बसतो. पहिल्या वर्षी आलेली चुकार फुलेही खुडून टाकावीत.