नववीतली रिकामी बाकं

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना तालुक्यात कापूस फुटतो तो दिवाळीच्या आसपास. त्याच सुमाराला शाळांच्या हजेरीपत्रकात लाल रेघा वाढू लागतात. पहिली-दुसरीची लेकरं आईबापांच्या मागे शेतावर जातात, पण ती परत येतात, कारण शाळेत दुपारचं जेवण असतं आणि गुरुजी घरी येऊन विचारतात. नववीतला मुलगा मात्र एकदा वेचणीला गेला की बऱ्याचदा तिथलाच होतो. संक्रांतीनंतर त्याचं बाक रिकामं दिसतं आणि मार्चपर्यंत त्याचं नाव कुणी घेत नाही.

हे का होतं, ते आधी नीट पाहायला हवं. शिक्षणहक्क कायदा 2009 चा. त्याचं संरक्षण 6 ते 14 वर्षं वयापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत आहे. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत. समग्र शिक्षा योजनेतली मोफत पाठ्यपुस्तकंही आठवीपर्यंतच. म्हणजे एकाच हायस्कुलात, एकाच व्हरांड्यात आठवीच्या मुलाला खिचडी मिळते आणि शेजारच्या खोलीतल्या नववीच्या मुलाला मिळत नाही. बालकामगार कायद्यात 2016 साली सुधारणा झाली. तिने 14 वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यावर बंदी घातली. त्याहून मोठ्यांना फक्त धोकादायक कामं निषिद्ध ठेवली. ज्या वर्षी शाळेचा आधार सुटतो, त्याच वर्षी मजुरीची वाट कायद्यानेही मोकळी होते. नववीचं वर्ष असं दोन्ही बाजूंनी उघडं पडलेलं आहे. गळतीचं खापर मुलांच्या आळसावर किंवा पालकांच्या अज्ञानावर फोडणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

आता शाळेच्या आतलं कारण. एका बाजूला पैनगंगा, दुसऱ्या बाजूला माणिकगडचे डोंगर आणि मध्ये गडचांदूर, आवारपूर, उपरवाहीचे सिमेंट कारखाने, असा हा तालुका. कारखान्याच्या वसाहतीतलं मूल आणि कोलामगुड्यावरचं, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचं, मूल माध्यमिक शाळेत एका वर्गात येऊ शकतं. घरी कुणी गोंडी बोलतं, कुणी कोलामी, कुणी बंजारा, कुणी तेलुगू. शेजारच्या जिवती तालुक्यातल्या सीमेवरच्या गावांत तर महाराष्ट्राची आणि तेलंगणाची अशा दोन्ही शाळा आहेत. ही मुलं आठ वर्षं मराठीत शिकून आली, म्हणून त्यांना मराठी पुस्तक वाचून कळतंच, असं आपण धरून चालतो. ते गृहीतच चुकीचं आहे.

2023 च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत 14 ते 18 वयाच्या ग्रामीण मुलांची तपासणी झाली. चौघांतल्या एकाला आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सहज वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचं उदाहरण निम्म्याहून कमी मुलांना जमलं. आणखी एक निरीक्षण मला फार बोलकं वाटतं. पट्टीवर वस्तू शून्यापासून ठेवली, तर सुमारे 85 टक्के मुलांनी लांबी बरोबर सांगितली. तीच वस्तू थोडी पुढे सरकवली, तेव्हा बरोबर सांगणारे 39 टक्क्यांवर आले. कृती पाठ झाली होती, अर्थ पोहोचला नव्हता. अशा मुलासमोर नववीत आपण बीजगणित, भूमिती, विज्ञानाची समीकरणं एकदम मांडतो. त्याला ते झेपत नाही आणि तो ते कुणाला सांगतही नाही. शाळेत काही कळत नसेल, तर वेचणीच्या मजुरीचे रोख पैसे कुणालाही खरे वाटणारच.

म्हणून नववीच्या शिक्षकांना पहिली विनंती अशी की पहिले दोन महिने अभ्यासक्रमामागे धावू नका. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा आठवडाभर उशिरा उघडतात, त्यामुळे घाई वाटते हे खरं. तरीही जुलैत प्रत्येक मुलाकडून पाचवीच्या पुस्तकातला एक उतारा वाचून घ्या. वर्गासमोर नको, बाजूला बसवून, एकट्याकडून. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला सगळ्यांपुढे अडखळायला लावणं म्हणजे त्याला दाराबाहेरचा रस्ता दाखवणं होय. कोण सरळ वाचतं, कोण अक्षरं जुळवतं आणि कोण वाचतं पण अर्थ सांगू शकत नाही, हे आठवड्याभरात कळतं.

पुढचं काम एकट्या मराठीच्या शिक्षकाचं नाही. इतिहासाच्या तासाला पाठाचा एक परिच्छेद आधी शिक्षकाने मोठ्याने वाचावा, मग जोडीने मुलांनी. गणिताच्या तासाला शाब्दिक उदाहरण लगेच सोडवायला घेऊ नये. काय दिलंय आणि काय विचारलंय एवढंच मुलांना त्यांच्या शब्दांत सांगू द्यावं. ते गोंडीत किंवा कोलामीत आपापसात बोलले तरी चालेल, उत्तर मराठीत लिहिलं म्हणजे झालं. उरलेल्या विषयांनाही हेच लागू आहे.

भाषेबद्दल आणखी एक. गोंडी आणि कोलामी या द्राविडी कुळातल्या भाषा. त्यांत मराठीसारखी तीन लिंगं नाहीत. पुल्लिंगी आणि इतर अशी विभागणी आहे. त्यामुळे ‘माझा वही’ असं लिहिणारं मूल मंद नसतं, त्याच्या घरच्या भाषेतली लिंगांची विभागणीच वेगळी असते. विज्ञानाच्या उत्तरात अशा चुकीचे गुण कापू नयेत. हेमलकशाच्या लोकबिरादरी आश्रमशाळेने माडिया मुलांसाठी त्यांच्या भाषेतून शिकण्याची वाट कधीच काढली. गडचिरोलीतल्या मोहगावात ग्रामसभेने गोंडी शाळा चालवून दाखवली. माध्यमिक शाळेकडून तेवढी अपेक्षा नाही. घरची भाषा वर्गात ऐकू आली तर कुणी दटावू नये, एवढीच आहे.

शिकवायला सामग्री तर दारातच आहे. दहावीच्या विज्ञानात अपघटन अभिक्रिया आहे: कॅल्शिअम कार्बोनेट तापवलं की चुनकळी आणि कार्बन डायऑक्साइड. गावाबाहेरच्या खाणीतून निघणारा चुनखडक सिमेंटच्या भट्टीत जातो, तेव्हा हेच घडतं, पुढे तिथलं तापमान 1450 अंशांपर्यंत जातं. ज्याचा बाप त्या कारखान्यात ठेकेदाराकडे राबतो, त्या मुलाला हे समीकरण पाठ करावं लागणार नाही. गणितात शेकडेवारी शिकवताना कापूस घ्या. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये. 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे दर टक्क्याला एक टक्का कपात, 12 टक्क्यांवर खरेदी नाही. 11 टक्के ओलावा निघाला, तर शेतकऱ्याच्या हातात किती? 243 रुपये 30 पैसे वजा जाऊन 7866 रुपये 70 पैसे. हे उदाहरण मुलगी घरी जाऊन बापाला सांगेल, आणि शाळेत काही तरी कामाचं शिकवतात हे त्या घराला पटेल.

वेचणीचं काय करायचं? ती थांबणार नाही, हे मान्य करूनच आखणी करावी. दिवाळीपूर्वीच विचारून घ्या, कोण किती दिवस जाणार. कठीण प्रकरणं सप्टेंबर-ऑक्टोबरात उरकावीत, आणि संक्रांतीनंतरचे दोन आठवडे मागे राहिलेल्यांसाठी राखावेत. मूल परत आलं त्या दिवशी त्याला ‘आलास का एकदाचा’ असं ऐकवू नये.

कागदांचं कामही आठवीतच सुरू व्हायला हवं. नववी-दहावीच्या अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना केंद्राची शिष्यवृत्ती आहे, पण जातीचा दाखला नसेल तर ती मिळत नाही. त्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. त्या वेळी हा राजुऱ्याकडचा मुलूख हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. 1956 मध्ये तो इकडे आला आणि 1959 मध्ये चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्याला जोडला गेला. कोलाम आजोबांचा कागद निजामी दप्तरात कुठे असेल, हे त्या घराला ठाऊक नसतं. शाळेतल्या एका शिक्षकाने तहसील कार्यालयाची वाट दाखवली, तर एक घर मार्गी लागतं.

शिक्षकांवर अशैक्षणिक कामांचा बोजा आहे, पदं रिकामी पडलेली आहेत, हे सगळं खरं आहे आणि त्यासाठी भांडलंच पाहिजे. पण दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून नववीतच कच्ची मुलं गाळण्याची जी रीत काही ठिकाणी रुजली आहे, ती शासनाने लादलेली नाही. ती शाळांनीच बंद केली पाहिजे. येत्या वर्षी मुख्याध्यापकांनी दहावीच्या निकालाच्या फलकाशेजारी आणखी एक आकडा लावावा: दोन वर्षांपूर्वी आठवीत असलेल्या मुलांपैकी किती जण आज परीक्षेला बसले.