कापलं तरी जुळणारं रबर

सायकलची ट्यूब पंक्चर झाली की पंक्चरवाला काय करतो, पाहिलंय ना? ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतो, तिथं कानशीनं घासतो, सोल्युशन लावतो आणि वर पॅच दाबतो. आता समजा, ट्यूबच म्हणाली, "राहू दे काका, माझं मी बघते," तर? हसू नका रे! जर्मनीत ड्रेस्डेन गावी पॉलिमरवर संशोधन करणारी लायबनिट्झ संस्था आहे. तिथल्या अमित दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली असं रबर करून दाखवलंय.

पण साधं रबर का जुळत नाही, ते आधी ऐका. रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचा गुंता. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं, थंडीत ताठ. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला ते गंधक घालून तापवायची युक्ती सापडली. गंधक एक साखळी दुसरीला बांधून टाकतो. गाठ पक्की, म्हणून तर टायर टिकतो. पण ती गाठ एकदा तुटली की तुटलीच.

आता जरा स्वयंपाकघरातून चिमूटभर मीठ आणा. मिठात सोडियमचा धन भार आणि क्लोरीनचा ऋण भार एकमेकांना धरून असतात. बशीत पाणी घेऊन मीठ विरघळवा, त्यांची ताटातूट होते. बशी खिडकीत ठेवा. पाणी आटलं की कडेला बारीक चौकोनी खडे दिसतील. जो सोडियम ज्या क्लोरीनजवळ होता, त्यालाच तो शोधत बसत नाही. जवळ येईल त्या ऋण भाराला धरतो. अशा भारवाल्या अणूंना आयन आणि त्यांच्या या पकडीला आयनिक बंध म्हणतात, आणि त्याचा हा बिनतक्रार स्वभावच ड्रेस्डेनच्या मंडळींनी हेरला.

त्यांनी ब्रोमोब्युटाइल रबर घेतलं. ट्यूबलेस टायरच्या आतला, हवा धरून ठेवणारा थर अशाच जातीच्या रबराचा असतो. त्याच्या साखळीवर मधूनमधून ब्रोमीनचे अणू असतात. त्यात त्यांनी ब्युटाइल इमिडाझोल मिसळलं. नाव अवघड आहे, विसरलात तरी चालेल. ब्रोमीन साखळी सोडून ऋण आयन झाला, आणि त्याच्या जागी बसलेल्या पाहुण्यावर धन भार आला. साखळीचा उरलेला भाग तेलकट वृत्तीचा, त्याला ही भारवाली मंडळी नकोशी. म्हणून त्या जोड्या एकमेकींजवळ गोळा होतात आणि त्यांचे पुंजके बनतात. एकेका पुंजक्यात अनेक साखळ्या अडकतात. मग गंधक हवाय कशाला?

हे रबर कापून दोन्ही तोंडं एकमेकांना टेकवून ठेवली. साखळ्या हळूहळू पलीकडे सरकल्या आणि धन-ऋणांनी नवे जोडीदार धरले. नेहमीच्या तापमानाला आठ दिवस ठेवल्यावर तो सांधा दर चौरस इंचाला ७५४ पौंडांचा ताण सोसू लागला. म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या जागेवर साधारण एक धडधाकट माणूस! सुरुवातीला थोडा वेळ १०० अंशांपर्यंत तापवलं, तर काम आणखी लवकर होतं.

आपोआप जुळणाऱ्या प्रत्येक गोष्टीचं श्रेय आयनांना देऊन टाकू नका मात्र. सर्लिन नावाचं एक आयनवालं प्लास्टिक आहे, गोल्फच्या चेंडूचं कवच त्याचं करतात. त्यातून बंदुकीची गोळी आरपार गेली, तरी भोक आपोआप मिटतं. सगळ्यांना वाटलं, आयनांचीच करामत. मग कुणीतरी त्याच कुळातलं, पण आयन नसलेलं प्लास्टिक घेऊन गोळी झाडली, तर त्याचंही भोक मिटलं! गोळीच्या घर्षणानं प्लास्टिक वितळतं, ताणलेला भाग उसळून मागे येतो, आणि भोक बुजतं. विज्ञानातल्या अशा फजित्या मला फार आवडतात.

मग आपल्या सायकलला हे रबर का नाही, असंच ना? सहज सुटणारी जोडी ओझ्याखालीही सुटते. सतत ताणून धरलं, तर असं रबर हळूहळू सैल पडायची भीती. तसं काजळी किंवा सिलिका मिसळून ते आणखी दणकट करता येतं. शिवाय जुळायचं तर दोन्ही तोंडं एकमेकांना टेकली पाहिजेत. टायरात खिळा रुतून बसला असेल, तर आधी तो उपटायचं काम तुमचंच.