डोंगरावर एकट्याने राहायचे तर...

दोन महिन्यांपूर्वी दवाखान्यात एक गृहस्थ आले. वय एकसष्ट, पुण्यात बँकेतून निवृत्त, पत्नी वारलेल्या, मुलगा परदेशी. ताम्हिणीच्या रस्त्याला आत डोंगराच्या कुशीत त्यांनी दीड एकर जागा घेऊन दोन खोल्या बांधल्या आहेत. यापुढे तिथेच एकट्याने राहायचे, पिकेल ते खायचे, असा त्यांचा बेत. बी.पी.च्या गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवून त्यांनी विचारले, "डॉक्टर, हवा स्वच्छ, अन्न ताजे, दिवसभर अंगमेहनत. आता ही बंद करायला हरकत नाही ना?"

२०२० च्या करोनानंतर आमच्या मुळशीत असे विचारणारे बरेच भेटतात. पूर्वी मीही त्यांना उत्साहाने उत्तर देत असे आणि उदाहरण म्हणून एका धनगर बाबांचे वर्णन करीत असे. त्याच बाबांनी माझा उत्साह जरा जमिनीवर आणला, म्हणून आज हा विषय.

बाबा पंचाहत्तरीच्या पुढचे. वरच्या पठारावर घर, दोन म्हशी, उतारावर नाचणी आणि वरई. मुलगे पिरंगुटच्या कंपन्यांत कामाला लागले, म्हातारी गेली, बाबा मात्र खाली उतरले नाहीत. डोंगरात माणसे अशी विखरून का राहतात, हे नव्या लोकांना कळत नाही. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ पासून सत्याग्रह चालवला. तरी धरण झालेच. खोऱ्यातली चांगली भातखाचरे पाण्याखाली गेली आणि पुष्कळांना वरच्या उतारांवर सरकावे लागले. धनगर तर आधीपासूनच वर. तेव्हा एकटे राहणे हा इथे कोणाचा छंद नव्हे.

बाबा वर्षातून एकदा यायचे, तेही दाढ दुखली तर. बी.पी. १२०/७६, शुगर ठीक, पोट पाठीला लागलेले. दवाखान्यातल्या सगळ्यांना मी दाखवायचो, "पाहा, या वयात एक गोळी नाही!" बाबा म्हणायचे, "डाक्टर, मला कशापायी बसवून ठिवलंय? म्हशी ताटकळल्यात."

त्यांच्या ताटात काय असते, ते सांगण्याजोगे आहे. नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले, ताक, दुभते असेल तेव्हा दूध. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. जून लागला की टाकळा, कुरडू, भारंगी, करटोली, आणि पहिल्या पावसात ओढ्याचे खेकडे. उन्हाळ्यात करवंदे, जांभळे. मीठ बाजारातले आयोडिनचे, त्यामुळे गलगंडाची भीती नाही. दुधाताकामुळे बी-१२ ची बाजूही सांभाळली जाते. नुसत्या भाजीभाकरीवर राहणाऱ्या शहरी मंडळींची तिथेच पंचाईत होते.

पण हे ताट ओळखीवर चालते. शेवळांची भाजी चिंच, आमसूल किंवा काकडे घालून नीट शिजवली नाही, तर घसा असा खाजतो की माणूस रात्रभर ओरडतो. कळलावीचे तांबडे-पिवळे फूल दिसायला सुरेख. तिचा कंद मात्र जहर, आणि खाण्याचा कंद समजून लोक तो खाऊन बसतात. अनोळखी अळंब्यांचे तर विचारूच नका. काही विषारी जातींत पहिले सहा-आठ तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब सुरू होतात, एखादा दिवस बरे वाटते, आणि तेवढ्यात आतून यकृत निकामी होत असते. पुस्तकातले चित्र पाहून रानात काही तोडू नये. वस्तीवरच्या एखाद्या म्हातारीबरोबर दोन पावसाळे हिंडावे, मग पाहावे.

आता माझी चूक सांगतो. २०१९ चा जुलै. पाऊस थांबायचे नाव नाही. बाबा चार दिवसांचा ताप घेऊन कसेबसे खाली आले. दवाखान्यात लावणीच्या दिवसांतली गर्दी, त्यात बाबा म्हणजे ठणठणीत माणूस. मी घसा पाहिला, छाती ऐकली, मलेरियासाठी रक्त घेतले, पॅरासिटामॉल दिले आणि म्हणालो, "तीन दिवसांनी दाखवायला या." घोंगडी काढायला लावून अंग पाहिले नाही. वर घरात कोण आहे, हेही विचारले नाही. मलाच माहीत होते की, कोणी नाही.

तिसऱ्या दिवशी ओढा इतका भरला की खाली येणे अशक्य झाले. पाचव्या दिवशी समोरच्या वस्तीवरच्या गुराख्याच्या लक्षात आले की, बाबांच्या कौलांतून कालपासून धूर निघालेला नाही. चार पोरे दोर घेऊन ओढा ओलांडून गेली. बाबा बाजेखाली पडलेले, बरळत होते. घोंगडीची झोळी करून त्यांना खाली आणले. या वेळी मी अंगावरचे सगळे कपडे काढले. काखेत एक काळी खपली होती, विडीचा चटका बसावा तशी. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रोगी सांगत नाही. गवतातल्या बारीक किड्याच्या पिल्लाच्या चाव्याने येणारा हा ताप, स्क्रब टायफस. २०१८ साली नागपूरकडे त्याने माणसे दगावली तेव्हा हे नाव वर्तमानपत्रांत आले होते आणि मी वाचलेही होते. वेळेवर निदान झाले तर डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या, स्वस्त औषधाने हा ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. बाबांना मात्र पुण्यात अकरा दिवस अतिदक्षता विभागात काढावे लागले. वाचले, ते त्या गुराख्यामुळे.

तेव्हापासून माझे मत बदलले. डोंगरावरच्या एकट्या माणसाला अन्न, हवा, मेहनत यांची वाण नसते. त्याच्याकडे नसतो तो दुसरा माणूस. सगळी दुखणी तिथे उशिराची दुखणी होतात. खाली जो ताप दोन दिवसांचा, तो वर सहा दिवसांचा होतो. लावणीच्या चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिस असाच. अंगदुखी, पिंढऱ्या ठणकणे, डोळे लाल होणे याला 'लावणीचा शीण' म्हणून लोक पडून राहतात आणि कावीळ दिसल्यावर येतात. पायाला भेगा, जखमा असतील तर अनवाणी चिखलात उतरू नये. उतरावेच लागले तर बाहेर आल्यावर पाय धुऊन कोरडे करावेत. पावसाळ्यातला ताप दोन दिवसांत उतरला नाही, तर ओढा भरण्याआधी खाली यावे.

सापाचेही तेच. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखणे जवळजवळ नाही, खूण सापडत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, मग श्वास अडतो. शेजारी कोणी असेल तर हाका मारतील. एकट्याला कोण उठवणार? म्हणून बाज आणि कडेने नीट खोचलेली मच्छरदाणी. चावल्यास कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. पाय काठीला बांधून स्थिर ठेवावा आणि सरकारी रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालणारी लस तिथे मोफत मिळते. १०८ ची गाडी २०१४ पासून आहे, पण ती डांबरी रस्त्यापर्यंत. रस्त्यापर्यंत कोण आणणार आणि मोबाईलला रेंज कोणत्या दगडावर मिळते, हे आधीच ठरलेले हवे.

हा प्रश्न फक्त आपल्या म्हाताऱ्यांचा नाही. अमेरिकेतला ख्रिस्तोफर मॅककँडलेस हा चोवीस वर्षांचा सुशिक्षित तरुण १९९२ च्या एप्रिलमध्ये अलास्काच्या रानात एकटाच राहायला गेला. शिकार आणि रानातली फळे-मुळे यांवर त्याने दोन महिने काढले. जुलैत परत निघाला, तर येताना सहज ओलांडलेली नदी फुगलेली. तो मागे फिरला आणि ऑगस्टमध्ये एका जुन्या बसमध्ये उपासमारीने मेला. ही हकीगत वाचली तेव्हा मला आमचा ओढाच आठवला. २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. असल्या दिवशी ओढा कोणासाठी थांबत नाही.

हे सारे त्या बँकेच्या गृहस्थांना सांगितले. त्यांचे बी.पी. त्या दिवशी १६४/९६ निघाले. दोन दिवस गोळी 'करून बघू' म्हणून बंद होती! बाबांचे शरीर लहानपणापासून चढावर घडलेले, तुमचे तीस वर्षे काउंटरवर, हे त्यांना पटले की नाही कोण जाणे. वजन उतरले, लोणची-पापड कमी झाले, तर गोळी कमी करता येईलही. पण ती मी मोजून करीन, म्हटले. दोन महिन्यांचा औषधांचा साठा जूनच्या आत घरात ठेवायचा, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायचे, दर सोमवारी बाजाराला खाली आले की बी.पी. मोजून जायचे.

आणि रोज सकाळी सात वाजता ओट्याच्या दांडीवर लाल फडके टाकायचे, संध्याकाळी काढायचे. समोरच्या वस्तीवरचा पोरगा त्याच वेळी म्हशी सोडतो. फडके दिसले नाही तर त्याने येऊन बघायचे, असे त्याच्या घरी जाऊन ठरवून आलो. त्यांना हे जरा पोरकट वाटले. पहिल्याच आठवड्यात दोनदा फडके टाकायला विसरले आणि दोन्ही वेळा पोरगा म्हशी तशाच सोडून धापा टाकीत दारात हजर. दुसऱ्या खेपेला त्याची एक म्हैस शेजारच्या नाचणीत शिरली आणि गृहस्थांना जाऊन त्या शेतकऱ्याची समजूत घालावी लागली. त्यानंतर ते विसरलेले नाहीत.