बालगंधर्वांची हौस

नाट्य हा देवांच्या डोळ्यांस तृप्त करणारा यज्ञ होय, अशा अर्थाचे बोल कालिदासाने 'मालविकाग्निमित्रा'त नाट्याचार्य गणदासाच्या मुखी घातले आहेत. यज्ञ म्हटला की खर्च आला, आणि यजमान उदार असला की त्याचे घर रिते होणेही आले. नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व ह्यांच्या गळ्याविषयी आजवर इतके लिहिले गेले आहे की त्यात आम्ही भर घालावी असे उरलेले नाही. त्यांच्या हौसेविषयी मात्र लोक एक तर हसून बोलतात, नाही तर हळहळून. आणि ती हौस व ती कला ह्या दोन वेगळ्या वस्तू होत्या असे धरून चालतात. आमचे मत तसे नाही. आमच्या वयाच्या कोणी त्यांस ऐन भरात पाहिलेले असणे शक्य नाही. पण ज्यांनी पाहिले अशा वडीलधाऱ्यांच्या गोष्टींवरच आमचे बालपण गेले, आणि घरात त्यांच्या तबकड्या होत्या.

नारायणरावांचा जन्म 26 जून 1888 चा. लहानपणी पुण्यास त्यांचे गाणे ऐकून लोकमान्यांनी त्यांस 'बालगंधर्व' म्हटले, ही कथा सर्वश्रुतच आहे. किर्लोस्कर नाटक मंडळीचे भाऊराव कोल्हटकर 1901 साली निवर्तले आणि मंडळीची नायिकेची जागा ओस पडली. इकडे कानाच्या उपचारासाठी छत्रपती शाहूमहाराजांनी ह्या मुलास मिरजेस धाडले होते. त्यातून मंडळीची व त्याची गाठ पडली, आणि 1905 साली मिरजेसच तो शकुंतला म्हणून रंगभूमीवर उभा राहिला. देवलांसारख्या तालीममास्तरांचा धाक आणि भास्करबुवा बखले ह्यांच्यासारख्या गवयाची तालीम, ही दोन्ही भाग्ये एकाच नटाच्या वाट्यास येणे विरळा.

12 मार्च 1911 रोजी मुंबईस खाडिलकरांच्या 'मानापमाना'चा पहिला प्रयोग ठरला होता. त्याच दिवशी नारायणरावांची तान्ही मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलावा असे सर्वांचे मत पडले असता त्यांनी तो होऊ दिला, आणि भामिनीचे काम केले. रंगपटात तोंडास रंग लावताना त्यांच्या मनात काय चालले असेल ह्याची कल्पना आपण करू नये हेच बरे. ही गोष्ट कर्तव्यनिष्ठेचा दाखला म्हणून घरोघर सांगितली जाते, आम्हीही वर्गात सांगत असू. परंतु त्या मुलीची आई लक्ष्मीबाई, तिचा तो दिवस कसा गेला, हे मात्र कोणी सांगत नाही. यज्ञात यजमानपत्नीला शेजारी बसावे लागते, आणि आहुती तिच्याही हातून पडते, एवढेच येथे म्हणतो.

1913 साली गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे ह्यांच्या भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी निघाली. आणि मग नारायणरावांच्या हौसेला आवर घालणारे कोणी राहिले नाही. त्यापूर्वी नाटकातली राणी बेगडाचे दागिने घाली आणि कोणास त्यात वावगे वाटत नसे. दूर बसलेल्यास खरे काय व खोटे काय? नारायणरावांस हे पटेना. शालू खरा हवा, जर खरी हवी, दागिना खरा हवा, पडदा मखमलीचा हवा. अत्तरांचा शौक तर असा की रुक्मिणी प्रवेश करी त्याआधी तिचा दरवळ पुढल्या रांगांत पोहोचे, असे सांगणारे आम्हांस पुष्कळ भेटले. साथीस ऑर्गन, सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवा. ज्या थिरकवाखाँसाहेबांचा तबला ऐकण्यास संस्थानिकांनी मेजवान्या द्याव्या, ते नाटकाच्या पदाला ठेका धरून बसत! एखाद्या व्यवहारी माणसाने म्हटले असते की, पदास एवढा तबला कशास? पण थिरकवांचा ठेका खाली आहे म्हणूनच वरची तान निर्धास्त सुटते, हे गाणाऱ्यालाच कळते. खोट्या मोत्यांच्या माळेनेही प्रेक्षक फसला असता. ती घालणारा मात्र फसला नसता. भामिनी ही श्रीमंताची लेक. अंगावरचा शालू जड असला की चाल आपोआप सावकाश होते, मान आपोआप तोलली जाते. ही हौस म्हणजे नुसती उधळपट्टी नव्हे, ती त्यांच्या अभिनयाची सामग्री होती, असे आम्ही म्हणतो ते ह्या अर्थाने.

ह्याला पुरावा 'एकच प्याला'. गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी गेले, आणि पुढल्याच महिन्यात बडोद्यास नाटक रंगभूमीवर आले. त्यातील पदे गुर्जरांनी रचिली आणि चाली सुंदराबाईंकडून आल्या. शालू-पैठण्यांचा हा शौकी पुरुष सिंधूच्या कामात ठिगळांचे लुगडे नेसून उभा राहिला, आणि ज्या बायका रुक्मिणीचे दागिने पाहावयास येत त्याच पदराने डोळे पुसू लागल्या. अत्तराच्या कुपीवर ज्याची सारी भिस्त असते, त्या नटाकडून हे घडत नाही.

आमच्या वाचकभगिनींच्या आज्या-पणज्यांचा ह्यात मोठा वाटा आहे. नारायणराव लुगडे कसे नेसतात, पदर कोठवर घेतात, अंबाड्यात फूल कोणत्या अंगास खोवतात, हे पाहून घरंदाज स्त्रिया तसे करू लागल्या. पुरुषाने शिकवावे आणि बायकांनी नेसण्याची रीत शिकावी, हा उलटा न्याय खरा. पण त्याहून नवल पुढेच आहे. ज्या घरांत मुलीने पेटीवर बोट ठेवले तरी वडील माणसे भुवई उंचावीत, त्याच घरांत भामिनीची व रुक्मिणीची पदे माजघरात, पाळण्यापाशी, देवघराच्या उंबऱ्यावर गुणगुणली जाऊ लागली. भास्करबुवांनी 'स्वयंवरा'च्या पदांना 1916 साली ज्या चाली दिल्या त्या ख्यालगायकीतून आलेल्या. म्हणजे जी गाणी बैठकीत ऐकण्यास बायकांना मज्जाव होता, ती नाटकाच्या वाटेने स्वयंपाकघरात शिरली. गाण्याला घराचे दार जर कोणी उघडले असेल तर ह्या लुगडे नेसलेल्या पुरुषाने.

सर्वच गोष्टींची स्तुती करावयाची नाही. 'वन्समोअर'चा रोग त्या काळच्या प्रेक्षकांनी लावला आणि नारायणरावांनी तो आवडीने जोपासला. एकेक पद तीन तीन वेळा. कृष्णाची वाट पाहणारी रुक्मिणी भीमपलासात इतकी रमे की कृष्ण आला काय नि न आला काय! रात्री सुरू झालेले नाटक कोंबडे आरवेपर्यंत चाले. खाडिलकरांच्या रचनेचा त्यात बळी जाई. प्रेक्षकांना 'मायबाप' म्हणणारा आणि भेटेल त्यास 'देवा' म्हणून हाक मारणारा हा मनुष्य, मागितलेले नाही म्हणणे त्यास ठाऊकच नव्हते. सावकारापुढेही तेच झाले, प्रेक्षकांपुढेही तेच.

कर्ज वाढले. भागीदार निघून गेले होते, हिशेब पाहणे हा नारायणरावांचा प्रांत नव्हे. आणि अशा दिवसांतच, 8 जुलै 1921 रोजी, मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाला. ललितकलादर्शाचे केशवराव भोसले धैर्यधर, नारायणराव भामिनी. दोन मंडळ्यांची चुरस एवढी की एकाच्या भक्ताने दुसऱ्याचे नाव घेऊ नये. आणि ते दोघे समोरासमोर! पैसा सारा फंडास गेला. केशवराव त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला वारले.

रघुराजाने विश्वजित यज्ञात सर्वस्व दिले आणि मग दारी आलेल्या कौत्साला मातीच्या भांड्यातून अर्घ्य दिले, हे 'रघुवंश' वाचणाऱ्यास सांगावयास नको. रघूच्या कोठारात कुबेराने सोने ओतले. नारायणरावांच्या दारी कुबेर आला नाही, सावकार आले. नादारी पत्करून मोकळे होण्याचा मार्ग पुढे होता, हितचिंतकांचा सल्लाही तोच होता. त्यांनी तो घेतला नाही. वर्षानुवर्षे खेळ करून देणे फेडले. ज्यांनी उधळपट्टीवर प्रवचने झोडली त्यांनी ही गोष्ट तितक्याच मोठ्याने सांगावयास हवी होती.

पुढे बोलपट आला. 1931 साली मंडळीने 'कान्होपात्रा' आणले व त्यातले अभंग गाजले, पण नाटकगृहे ओस पडत चालली होती. 1935 साली 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'त नारायणराव एकनाथमहाराज झाले. कॅमेऱ्यापुढे 'वन्समोअर' नाही, मायबाप नाहीत, पद ठरल्या वेळात संपलेच पाहिजे. 'प्रभात'शी नाते त्या एका चित्रावर थांबले आणि ते पुन्हा रंगभूमीकडे आले, ह्याचे आम्हांस नवल वाटत नाही.

गोहरबाई कर्नाटकी ह्यांच्याशी त्यांच्या संबंधाविषयी आमच्यासारख्या घरांतून पुष्कळ कठोर बोलले गेले. लक्ष्मीबाईंचे दुःख खरे होते, ते आम्ही लहान करीत नाही. पण गोहरबाई त्यांच्या गाण्यावर जीव लावून आल्या होत्या, आणि पाय निकामी झालेल्या म्हाताऱ्या माणसाजवळ 1964 साली आपण मरेपर्यंत राहिल्या, हेही खरे आहे. बोलणाऱ्यांपैकी कितीजण त्याच्या उशाशी बसावयास गेले होते?

संगीत नाटक अकादमीचा सन्मान 1955 साली, पद्मभूषण 1964 साली आले. 15 जुलै 1967 रोजी नारायणराव गेले. पुढल्या वर्षी त्यांच्या जन्मदिवशी पुण्यास बालगंधर्व रंगमंदिर उघडले.

आता त्यांचे गाणे ऐकावयाचे ते तबकड्यांवरून. तेथे एक ध्यानात ठेवावे. जुन्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपते. त्यात पदाचे तोंड, दोनचार ताना आणि घाईची समाप्ती एवढेच मावते. रंगभूमीवर तेच पद अर्धा-अर्धा तास चाले. तेव्हा नव्या पिढीच्या मुलांनी 'एवढेच काय?' असे विचारले तर त्यांस रागावू नये. शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर आवाज किंचित वळतो तेथे, 'स्वयंवरा'तले एखादे पद लावून, त्यांचे लक्ष वेधावे आणि तेवढाच तुकडा पुन्हा ऐकवावा.