रेडियमचं दुकान

मी मुंबईला रेडियमच्या दुकानात कामाला आहे, असं आमच्या निम्म्या भावकीला वाटतं. चूक माझीच. नोकरी लागली तेव्हा चुलत्यांनी, म्हणजे नानांनी, काम काय म्हणून विचारलं. ‘किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी’ एवढं सांगून त्यांचा चेहरा हलला नाही. म्हणून म्हणालो, ‘‘म्युझियममध्ये जुन्या वस्तू असतात नाना, काहींत रेडियम असतं. त्यावर ध्यान ठेवायचं.’’ नानांना लगेच उमगलं. आमच्याकडे जेऊर, करमाळा, टेंभुर्णी, कुठल्याही चौकात ‘रेडियम आर्ट’ची पाटी असतेच. उसाच्या ट्रॉलीला मागून लाल पट्ट्या, टेम्पोच्या काचेवर ‘आईची कृपा’. ‘‘म्हंजी पट्ट्या चिकटवायच्या,’’ नाना म्हणाले आणि चहा मागवला.

त्या पट्ट्यांत रेडियम औषधालाही नसतं. बारीक काचेचे मणी असतात, समोरच्या गाडीचा उजेड ते आल्या वाटेने परत पाठवतात. खरं रेडियम माझ्याकडे आहे, तळघरातल्या एका लोखंडी कपाटात, आणि ते अजिबात चमकत नाही.

मोठ्या संग्रहालयात माणूस चित्रं, मूर्ती, नाणी बघायला येतो. मी आलो तेव्हा पहिलं वर्ष फक्त शोधण्यात गेलं. खनिजांच्या दालनात युरेनियमचं काळं जड दगडी खनिज. पिवळट हिरव्या काचेची फुलदाणी, जिच्या रंगातच युरेनियम. जुन्या कॅमेऱ्याचं भिंग, ज्याच्या काचेत थोरियम मिसळलेलं. महायुद्धाच्या काळातली घड्याळं, होकायंत्रं, विमानातला उंची दाखवणारा काटा. नोंदवहीत यांतल्या एकापुढेही ‘किरणोत्सर्गी’ असं लिहिलेलं नव्हतं. लिहिणार कोण? वस्तू दान आली तेव्हा ते कुणाला ठाऊकच नव्हतं.

घड्याळांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. 1960च्या दशकापर्यंत तबकडीवरच्या आकड्यांना रेडियम आणि झिंक सल्फाइड मिसळलेला रंग लावत. रेडियममधून निघालेले कण झिंक सल्फाइडवर आदळले की हिरवट उजेड पडायचा. पण या सततच्या माराने झिंक सल्फाइड काही वर्षांत निकामी होतं आणि घड्याळ विझतं. रेडियमला त्याचं काहीच नसतं. ते निम्मं व्हायलाच 1600 वर्षं लागतात, म्हणजे 80 वर्षांपूर्वीच्या घड्याळातलं शंभरातले साडेशहाण्णव भाग रेडियम अजून जागच्या जागी. आमच्या एका सहकाऱ्याने असं घड्याळ हातात घेऊन मला सांगितलं होतं, ‘‘सर, हे बंद पडलंय, आता याचं काय भ्यायचं?’’ मी मोजयंत्र जवळ नेलं. टकटक वाढत वाढत सलग करकर झाली. त्याने घड्याळ इतक्या घाईने खाली ठेवलं की काच फुटते की काय असं मला वाटलं. काच फुटली असती तर मात्र खरंच भ्यायचं होतं. रंग जुना झाला की त्याची पूड होते, आणि ती पूड नखात, नखातून तोंडात जाते. काचेआडचं घड्याळ हातभर अंतरावर ठेवलं तर त्याचा त्रास जवळजवळ नाही. अमेरिकेत 1920च्या दशकात असे आकडे रंगवणाऱ्या मुली कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरत, आणि त्यांतल्या अनेकींचे जबडे झडले. उजेडाने झडले नाहीत, पोटात गेलेल्या रंगाने झडले.

म्हणून रीत ठरलेली आहे. कपाट उघडायचं, पंखा लावायचा आणि आपण बाहेर जाऊन उभं राहायचं, कारण रेडियममधून रेडॉन वायू निघतो आणि बंद कपाटात साठतो. मग हातमोजे. खाली कागद अंथरलेला ट्रे. मागचं झाकण कधीही उघडायचं नाही, घड्याळजी कितीही ओळखीचा असला तरी. गाळणकागदाच्या तुकड्याने वस्तू, पिशवी, ट्रे, कपाटाची मूठ हलकेच पुसायची आणि तो तुकडा दहा मिनिटं मोजणीला लावायचा. वस्तू नसताना, नुसत्या खोलीची मोजणी आधी दहा मिनिटं घेतलेली असते. कागदाच्या मोजणीतून ती वजा केली की उरेल ते पुसून आलेलं.

इथे मला आमच्याकडचं उजनी धरण उपयोगी पडलं. नवीन आलेल्या मुलीने एकदा घाबरत आकडा दाखवला: खोलीचे 312, कागदाचे 305, वजाबाकी उणे 7. ‘‘सर, चुकलं. उणे किरणोत्सर्ग कसा असेल?’’ मी विचारलं, ‘‘धरण उणे कसं असतं?’’ ती नाशिकची, तिला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. उजनीत सगळं मिळून साधारण 117 टीएमसी पाणी मावतं, त्यातला 63 टीएमसीहून थोडा जास्त मृतसाठा. टक्केवारी मोजतात ती मृतसाठ्याच्या वरच्या पाण्याची. पाणी त्या रेषेखाली गेलं की धरण ‘मायनस’मध्ये. पाणी असतंच, फक्त शून्य कुठे धरायचं ते आपण ठरवलेलं असतं. आमच्या मोजणीतही शून्य म्हणजे खोलीचा नेहमीचा आकडा, आणि तो स्वतःच थोडा वरखाली होतो. उणे 7 म्हणजे कागद स्वच्छ आहे.

2024 साली मेअखेर धरण उणे पन्नासच्याही खाली गेलं होतं, तेव्हा मी गावी होतो. 1980च्या सुमारास पाण्यात गेलेल्या जुन्या गावांची जोती, विहिरींचे कठडे, चिंचेचे बुंधे वर आले होते. लोक मुलाबाळांना घेऊन आपल्या वाड्याची जागा दाखवायला चालले होते. मी सोबत माझं स्वतःचं, पदरमोड करून घेतलेलं छोटं मोजयंत्र नेलं होतं. ऑफिसचं यंत्र असं बाहेर काढता येत नाही. नानांना एकदा दाखवायचंच होतं की मी पट्ट्या चिकटवत नाही.

सुरुवात जोत्याच्या दगडावर. काही नाही. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट या बाबतीत गरीब दगड आहे; ग्रॅनाइटच्या मुलखात याहून जास्त निघतं, आणि केरळच्या मोनाझाइट वाळूच्या किनाऱ्यावर कितीतरी जास्त. मग नानांनी हुशारी केली. मला थेट खताच्या खोलीत नेलं. म्युरेट ऑफ पोटॅशच्या गोण्यांची थप्पी होती. यंत्र गोणीला टेकवलं तशी टकटक सरळ दाट झाली. नानांचा चेहरा पडला. ‘‘आरं, हे केळीला घालतो की आम्ही.’’ घाला म्हणालो. पोटॅशियममध्ये एक अंश निसर्गतःच किरणोत्सर्गी असतो. तो केळीत असतो, बटाट्यात असतो, नानांच्या आणि माझ्या हाडामांसात असतो. कंदरची केळी कंटेनरमधून परदेशी जातात, त्यांतही तो जातो. एका केळ्यात सेकंदाला पंधराएक अणू फुटतात, आणि त्याने कुणाचं काही बिघडत नाही. हे नानांना पटलं की नाही माहीत नाही. संध्याकाळी त्यांनी केळं खाल्लं, पण आधी माझ्याकडे बघितलं.

काकूच्या ट्रंकेत मात्र खरा माल निघाला. गॅसबत्तीच्या जाळ्यांची, म्हणजे मँटलची, न उघडलेली पाकिटं. आमच्याकडे वीज असून नसल्यासारखी होती तेव्हा वरातीला, तमाशाला, रात्री चिलापी मासे धरायला निघालेल्या होडीत, सगळीकडे ही बत्ती. तिचा तो पांढरा लख्ख उजेड जाळीवरच्या थोरियम ऑक्साइडचा, त्यात टक्काभर सेरियम. जाळीसाठी लागणारं थोरियम नायट्रेट ट्रॉम्बेच्या कारखान्यात 1955 पासून बनत होतं, म्हणजे मी आज जिथे नोकरी करतो त्याच शहरात. पाकीट यंत्राजवळ धरताच करकर सुरू झाली. काकूने पदर तोंडाला लावला. मी म्हणालो, पाकिटाला काही होत नाही. जळलेल्या जाळीची राख फुंकून उडवायची नाही, एवढंच. काकू म्हणाली, ‘‘आन् आमी तर फुंकूनच काढायचो की रं.’’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाकीट मी संग्रहालयासाठी मागितलं. तिने एक दिलं, बाकीची परत ट्रंकेत ठेवली.

कामाचा दुसरा भाग कपाटातला नाही, यंत्रातला आहे. वस्तू कशाची बनली आहे हे तिचा कपटाही न काढता सांगणारं, बंदुकीसारखं हातात धरायचं एक्स-रे यंत्र आता मोठ्या संग्रहालयांत असतं. घोडा दाबला की एक्स-रे वस्तूवर पडतात, आणि वस्तूतलं प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत देतं. तांब्याचा सूर वेगळा, शिशाचा वेगळा. यंत्र आलं की अणुऊर्जा नियामक मंडळाचे कागद आले, 2004चे नियम आले, अंगावर पडणाऱ्या किरणांची मात्रा नोंदवणारा, छातीवर लावायचा बिल्ला आला. बिल्ला दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. आमची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, बाहेरच्या माणसासाठी 1. माझ्या बिल्ल्यावर आजवर नोंद घ्यावी असं काही आलेलं नाही. कागदांबद्दल एवढंच पुरे.

या यंत्राला लोक उलटंसुलटं भितात. ते टेबलावर बंद पडलेलं असलं तरी शेजारून जाताना काही जण पोट आत घेतात. घोडा सोडला की त्यात काहीच उरत नाही, विझलेल्या बल्बइतकंच. आणि त्यांतलाच एक जण मोठ्या आत्मविश्वासाने नाणं दोन बोटांत धरून त्यावर यंत्र रोखताना मी पकडला. किरणांच्या थेट वाटेत बोटं! तेव्हापासून नाणं ठेवायला स्टँड आणि घोड्याला कुलूप. किल्ली माझ्या खिशात.

पण या यंत्राने मला सगळ्यात जास्त शिकवलं ते पक्ष्यांच्या खोलीत. पेंढा भरलेले जुने पक्षी कीड लागू नये म्हणून आर्सेनिकच्या साबणाने आतून माखलेले असत. जगभरच्या जुन्या संग्रहांत हा प्रकार आहे. आर्सेनिक किरणोत्सर्गी नाही, माझं घड्याळं शोधणारं यंत्र तिथे गप्प राहतं. एक्स-रे यंत्र मात्र ते दाखवतं, आणि तिथेच फसवतंही. आर्सेनिकची मुख्य रेघ 10.54 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला, शिशाची 10.55ला. यंत्राला या दोघी जावा एकाच चेहऱ्याच्या दिसतात. पडद्यावर ‘आर्सेनिक’ आलं, पण चोचीला शिसं असलेला जुना रंग दिला असेल तर? मग दुसऱ्या रेघा बघायच्या: 11.7च्या आसपास टेकाड असेल तर आर्सेनिक, 12.6ला असेल तर शिसं. दोन्हीकडे असेल तर दोन्ही. हे न बघता एका दुपारी मी निम्म्या खोलीला ‘विषारी’च्या चिठ्ठ्या लावल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांतल्या कितीतरी काढल्या.

त्या खोलीत एक रोहित पक्षी आहे, गुलाबी जवळजवळ उडून गेलेला. रोहिताचा रंग त्याच्या खाण्यातून येतो, म्हणून तो जिवंत असेपर्यंतच नवा होत राहतो. मी त्याला हातमोजे घालून उचलतो, तेव्हा दर वेळी उजनीकाठच्या भिगवण, कुंभारगावच्या उथळ पाण्यातले थवे आठवतात. त्यांना कुणी हात लावत नाही, आणि लावला तरी विषबाधा होणार नाही.

लोकांना किरणांची भीती घालणं सोपं आहे, ती काढणं अवघड. फ्रान्समध्ये 1977 साली दुसऱ्या रामसेसच्या ममीला बुरशी लागली म्हणून गॅमा किरणांनी शेकलं. ती ममी त्यामुळे किरणोत्सर्गी झाली नाही, जसा लासलगावला किरणोत्सर्गी कोबाल्टसमोरून गेलेला कांदा होत नाही. उलट 2010 साली दिल्लीत एका विद्यापीठाने वर्षानुवर्षं पडून असलेलं कोबाल्टचं यंत्र भंगारात लिलावाने काढलं आणि मायापुरीच्या बाजारात एक कामगार जिवाला मुकला. यंत्र बंद होतं, कोबाल्ट बंद नव्हतं. आमच्या संग्रहालयात भंगाराची एकही गाडी मी मोजल्याशिवाय फाटकाबाहेर जात नाही. ड्रायव्हर वैतागतात.

गावाकडून परतताना आत्याला भेटायचं होतं. ती धरणाच्या पलीकडे, इंदापूर तालुक्यात. आम्ही नेहमी पाण्यावरूनच जायचो. त्या खेपेला नानांनी रस्त्याने नेलं. आठवडाभर आधीच, 21 मे 2024ला संध्याकाळी, कुगाव आणि कळाशीदरम्यान वादळात बोट उलटून सहा जण बुडाले होते, त्यांत मुलं होती. वळशाच्या त्या लांब रस्त्यात मी हिशेब करत होतो. बिल्ला न लावता खोलीत आला म्हणून मी माणसाला बाहेर काढलंय. आणि लहानपणापासून अगदी नोकरी लागल्यावरही, मोटरसायकली, दुधाच्या किटल्या आणि वीसेक माणसं घेतलेल्या लाँचमध्ये मी स्वतः कितीदा बसलो, एकदाही लाइफ जॅकेट मागितलं नाही.

घरात एके काळी अंधारात चमकणारं जुनं घड्याळ असेल तर ते उघडू नका, पिशवीत बंद करून ठेवा, भंगारवाल्याला देऊ नका. आणि उजनीत लाँचवर पाय ठेवण्याआधी जॅकेट मागा. नसेल तर उतरा.