आखूड नळीची रायफल : पहिल्या बांधणीचा विचार

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत कायद्याने अपात्र न ठरलेल्या प्रौढ नागरिकास सुटे भाग जमवून घरच्या मेजावर स्वतःची रायफल सिद्ध करता येते, ही गोष्ट शस्त्रपरवान्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत खेटे घालणाऱ्या आपल्या समाजाला नवलाची वाटावी हे स्वाभाविक आहे. परंतु त्याच नागरिकाने आपल्या रायफलीची नळी सोळा इंचांहून आखूड ठेवावयाचे मनात आणले, की तो तत्काळ एका वेगळ्या आणि पुष्कळच कडक कायद्याच्या अंमलाखाली येतो. या छंदात नव्याने शिरणाऱ्याने सुट्या भागांची यादी करण्याआधी हा कायदा समजून घेणे अगत्याचे आहे. कोणता भाग केव्हा विकत घ्यावा, हेदेखील त्या कायद्यावरच ठरते.

शिकागो शहरात १४ फेब्रुवारी १९२९ रोजी सात माणसे गोळ्या घालून मारली गेली आणि दारूबंदीच्या काळातील टोळीयुद्धांनी सारा देश हादरला. त्या पार्श्वभूमीवर रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत २६ जून १९३४ रोजी ‘नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट’ मंजूर झाला. मूळ मसुद्यात पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरही होती; लांब बंदूक कापून तिचे पिस्तूल करण्याची पळवाट कोणी काढू नये, म्हणून आखूड नळीच्या बंदुकांनाही त्याच चौकटीत बसविण्यात आले. पुढे विरोधामुळे पिस्तुलांचा उल्लेख मसुद्यातून गळाला. पळवाट बुजविणारे कलम मात्र तसेच राहिले. रायफलीच्या नळीची किमान मर्यादा आरंभी १८ इंच होती, ती १९६० साली १६ इंचांवर आली. अशा शस्त्रावर २०० डॉलरांचा कर बसविला गेला आणि १९३४ साली ही रक्कम सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. पुढे नव्वद वर्षे तो आकडा बदलला नाही. ४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून आखूड रायफलींवरील हा कर शून्यावर आणला. नोंदणीची सक्ती मात्र जशीच्या तशी कायम आहे.

म्हणून पहिली खरेदी कागदाची. ज्या भागावर अनुक्रमांक असतो तो रिसीव्हर हाच कायद्याच्या दृष्टीने ‘बंदूक’ होय. बाकीची नळी, दस्ता, चाप ही सारी सुटी सामग्री. रिसीव्हर परवानाधारक दुकानदाराकडून रीतसर चौकशीनंतर घ्यावा, मग बोटांचे ठसे आणि छायाचित्रासह ‘फॉर्म १’ हा अर्ज केंद्रीय खात्याकडे दाखल करावा आणि मंजुरीचा दाखला हाती येईपर्यंत आखूड नळी घरात आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. थॉम्पसन-सेंटर कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली भागांच्या एका संचाबाबत कंपनीच्या बाजूने निवाडा दिला हे खरे. पण ज्या भागांतून कायदेशीर शस्त्रही बनू शकत होते अशा संचाचा तो निवाडा होता. ज्याच्या घरी केवळ एकच रायफल आणि तिला बसणारी एकच आखूड नळी आहे, त्याने त्या निवाड्याच्या आडोशाला उभे राहू नये. शिक्षा दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे. मंजुरीनंतर रिसीव्हरवर बांधणाऱ्याचे नाव, शहर आणि राज्य कोरावे लागते, आणि ते कोरीवकाम किमान ०.००३ इंच खोल असावे लागते. दाखला एका व्यक्तीच्या नावे असेल तर तिच्या गैरहजेरीत घरातील दुसऱ्याने ती बंदूक हाताळणे अडचणीचे ठरते. म्हणून कित्येक कुटुंबे विश्वस्तनिधी स्थापून सर्व विश्वस्तांचे ठसे एकदमच सादर करतात.

लांबी मोजण्याची रीतही ठरलेली आहे. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट मिटावयाचा, नळीच्या तोंडातून लाकडी काठी बोल्टच्या मुखाला टेकेपर्यंत आत सरकवावयाची, तोंडाशी खूण करावयाची आणि बाहेर काढून मोजावयाची. तोंडावर चढविलेला ज्वालारोधक नुसता आट्यांनी बसविला असेल तर तो मोजमापात धरला जात नाही. कायमचा वितळजोड दिला असेल तर धरला जातो. १४.५ इंची नळीला असा जोड देऊन सोळा इंच भरविणारे अनेकजण आहेत, आणि ज्यांना अर्जाची यातायात नको त्यांच्यासाठी तो मार्ग उत्तम आहे.

आता प्रत्यक्ष नळीकडे वळू. कारण नळीची लांबी एकदा ठरली की उरलेल्या बहुतेक भागांची निवड आपोआप आवळत जाते. यूजीन स्टोनर यांनी आर्मालाइट कंपनीत घडविलेली आणि १९५९ साली कोल्टकडे गेलेली एआर-१५ ही रचना मुळात २० इंची नळीसाठी आखलेली होती. गोळी नळीतून पुढे जात असता तिच्यामागील वायूचा थोडा अंश एका छिद्रातून वळवून मागे आणावयाचा आणि त्याच्या दाबाने बोल्ट उघडावयाचा, हे तिचे तत्त्व. गोळी त्या छिद्रापुढे गेल्यापासून तोंडाबाहेर पडेपर्यंतच वायूचा दाब टिकतो. म्हणजे छिद्रापुढे उरलेली नळी जितकी लांब तितका वेळ यंत्रणेला मिळतो. कार्बाइन पद्धतीत हे छिद्र सुमारे सात इंचांवर असते. १४.५ इंची नळीत त्यापुढे सात इंचांहून अधिक अंतर उरते, १०.३ इंची नळीत जेमतेम तीन. एवढ्या अल्प वेळात काम भागावे म्हणून छिद्र मोठे करावे लागते, दाब जास्त असतानाच बोल्ट उघडू लागतो, कवच ओढून काढताना चिमट्यावर ताण येतो, आणि हा आघात सौम्य करण्यासाठी दस्त्याच्या नळकांड्यात अधिक वजनाचा बफर घालावा लागतो. व्हिएतनाममधील कोल्टच्या आखूड रायफलींची नळी आरंभी दहा इंची होती, ती पुढे ११.५ इंची करण्यात आली. हा दीड इंच पहिल्या बांधणीच्या माणसाने कधीही तुच्छ मानू नये. नौदलाच्या विशेष पथकांची १०.३ इंची मार्क-१८ रुबाबदार दिसते म्हणून तिची नक्कल करण्याकडे नवशिक्याचा ओढा असतो, परंतु ५.५६ मिलिमीटरच्या काडतुसासाठी ११.५ इंची नळी ही अधिक क्षमाशील आणि म्हणूनच अधिक शहाणपणाची निवड आहे.

नळी आखूड केल्याची किंमत गोळीच्या वेगात मोजावी लागते. ५५ ग्रेनची गोळी २० इंची नळीतून सेकंदाला सुमारे ३,२०० फूट वेगाने निघते, तर साडेदहा इंची नळीतून २,७०० फुटांच्या आसपास. जी दारू नळीत जळावयाची ती तोंडाबाहेर जळते. भडका मोठा, दणका कानठळ्या बसविणारा. छताखालच्या निशाणमैदानावर शेजारच्या नेमबाजाला तो अक्षरशः छातीत जाणवतो, तेव्हा कानांचे दुहेरी रक्षण सर्वांसाठीच आवश्यक मानावे. आखूड नळीवर अनेकजण ध्वनिशामक चढवितात. त्याची नोंदणी वेगळी करावी लागते, आणि तो चढविल्यावर यंत्रणेत परतणारा वायू वाढतो, हे बफर आणि छिद्र निवडतानाच ध्यानात घ्यावे.

ज्यांना खरोखरच नऊ इंचांपर्यंत खाली उतरावयाचे आहे त्यांच्यासाठी .३०० ब्लॅकआउट हे काडतूस आहे. २०११ साली त्याला प्रमाणित मान्यता मिळाली. त्याची दारू थोड्या लांबीतच जळून जाते, आणि ५.५६चाच बोल्ट व तेच मॅगझीन त्याला चालते. ही सोय हाच त्याचा धोका आहे. .३०० ची गोळी जाड असते. तिचे काडतूस चुकून ५.५६च्या नळीत शिरले आणि बोल्ट मिटला, तर बंदूक नेमबाजाच्या तोंडापाशी फुटते. ज्याच्या घरी दोन्ही नळ्या आहेत त्याने मॅगझिनांना ठळक रंगीत पट्टे लावावेत, आणि दोन्ही प्रकारची काडतुसे एका वेळी मैदानावर नेऊ नयेत.

उरलेल्या भागांबद्दल फार लिहावयास नको. नळीचे अस्तर क्रोमचे की नायट्राइडचे, यावर वाद पुष्कळ होतात; नामांकित कारखान्याचे असेल तर दोन्ही टिकतात. चाप साधा, लष्करी धाटणीचा असला तरी पहिल्या बंदुकीला पुरतो. हातपकड मात्र विचारपूर्वक घ्यावी. आखूड नळीवर पुढचा हात तोंडाच्या फार जवळ येतो, म्हणून बोटे पुढे घसरू न देणारा अडसर बसविणे हा चैनीचा भाग नाही. आणि नळी बसविल्यावर काडतुसाची बैठक मापकाने तपासून देणारा परवानाधारक बंदूक-कारागीर गाठावा. ते काम अंदाजाने करण्याचे नव्हे.

राज्याराज्यांचे कायदे निराळे आहेत. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, हवाई येथे सामान्य नागरिकास अशी रायफल ठेवताच येत नाही. आणि जेथे येते तेथूनही ती दुसऱ्या राज्यात नेण्यापूर्वी केंद्रीय खात्याची लेखी अनुज्ञा लागते. आपल्याकडे तर १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या सहाव्या कलमान्वये परवान्यावाचून बंदुकीची नळी आखूड करणे हाच गुन्हा आहे. तेव्हा येथील वाचकाने हा लेख एका परक्या देशातील कारागिरीची आणि कायद्याची माहिती म्हणूनच वाचावा. अमेरिकेत नोकरीस असलेल्या आपल्या तरुणांना मात्र एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते : एच-वन-बी यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या परदेशी माणसाला, वैध शिकार-परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर त्या देशात बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगण्याचीच मनाई आहे. ग्रीन कार्ड हाती येईपर्यंत, मित्राच्या बांधणीत मदत म्हणूनसुद्धा, रिसीव्हर आपल्या घरी ठेवून घेऊ नका.