पाटीतली अनोळखी जुडी

साहस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिमालयाची शिखरे किंवा समुद्रावरची वादळे उभी राहतात. परंतु मंडईत जाऊन आजवर कधी न घेतलेली एखादी पालेभाजी घरी आणणे, हेही आमच्या मते एक लहानसे साहसच होय. ते कोणालाही परवडणारे आहे. त्यातून आनंद कसा मिळतो आणि शिकावयास काय मिळते, याचा थोडा विचार येथे करू.

उदाहरणादाखल पावसाळ्यातील रानभाज्या घेऊ. मृगाच्या सरी पडल्या की ठाणे, पालघर, रायगड या जिल्ह्यांतील बाजारांत कातकरी, ठाकर, वारली स्त्रिया पाट्या घेऊन बसतात. आधी शेवळे येतात. मागोमाग टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी आणि पुढे करटोली. प्रत्येकीचा हंगाम थोडक्या दिवसांचा. टाकळा कोवळा आहे तोवरच गोड. जून झाला की त्याची पाने राठ आणि उग्र होतात. जो या भाज्या खातो त्याला पाऊस किती पुढे सरकला हे ताटातच कळते.

यातील प्रत्येक भाजीची रीत निराळी आहे आणि त्या रीतीमागे कारण आहे. शेवळे हे सुरणाच्या कुळातले. पान येण्याआधी जमिनीतून त्याचा फुलोरा वर येतो आणि त्याचीच भाजी करतात. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते घशाला टोचतात आणि खाज सुटते. म्हणून त्याचा पिवळा भाग काढून टाकतात आणि भाजीत काकडाची आंबट फळे किंवा चिंच घालतात. आपण अळूच्या फदफद्यात चिंच घालतो ती याच अनुभवावरून. भारंगीची पाने कडू. ती उकडून, पिळून घ्यावी लागतात. फोडशीच्या पातीतला कडक दांडा काढावा लागतो.

हे शास्त्र आपल्याला सांगते कोण? पाटीपुढे बसलेली बाई. “मावशी, ही कशी करायची?” एवढे विचारावे, की ती निवडण्यापासून फोडणीपर्यंत सारे सांगते, आणि शेवळ्यांबरोबर काकडेही आठवणीने देते. घरी आल्यावर आजी म्हणते, “अग, ही तर आम्ही माहेरी खात होतो!” मुले नाके मुरडतात, पण चव घेऊन पाहतात. नेहमीच्या बटाटा-फ्लॉवरने अशी चर्चा क्वचितच घडते.

मात्र दोन गोष्टींचे भान हवे. रानातली प्रत्येक हिरवी वस्तू खाण्याजोगी नसते. सारख्या दिसणाऱ्या वनस्पतींत एखादी विषारीही निघते. म्हणून जाणत्या माणसाकडूनच घ्यावी, कृती नीट विचारावी आणि प्रथम थोडीच खावी. आपण होऊन रानात तोडावयास जाऊ नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. टाकळा आणि कुर्डू यांना शेतकरी तण समजतो. बांधावर तणनाशक मारले की ती जातात. करटोलीची वेल दर पावसाळ्यात जमिनीतल्या कंदापासून फुटते. त्यातही नर आणि मादी वेली वेगळ्या. कंद उकरला, किंवा उतारावर इमारत उभी राहिली, की पुढच्या वर्षीची करटोली गेलीच. वनस्पतीबरोबर तिचे ज्ञानही जाते. ते कोणत्या झाडाचे, कोणत्या आठवड्यात, कसे खुडावे म्हणजे मूळ शाबूत राहते, हे त्या बाईच्या बोटांत आहे. तिची पाटी बाजारातून भरलेलीच परत जाऊ लागली, तर तिच्या नातीने ते शिकावे तरी कशासाठी? आपण घेतलेली एक जुडी हे या प्रश्नाचे छोटेसे उत्तर आहे. म्हणूनच तिच्याशी दोन पैशांसाठी घासाघीस करणे आम्हास शोभत नाही.

सारांश, जिभेचे कुतूहल जागे राहिले की परिसराकडे पाहण्याची नजरही जागी राहते. रोज ज्या टेकडीवरून आपण जातो तिच्यावर काय उगवते, हे ताटामुळे कळू लागते. वसंत सरत आला आहे. जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर मृग लागेल. बाजाराच्या कडेला, दुकानांच्या रांगेबाहेर, जमिनीवर मांडलेल्या पाट्यांकडे त्या वेळी अवश्य वळावे. पिशवीत चार जुड्या ओळखीच्या असल्या, तर पाचवी अनोळखी असू द्यावी.